हद्दीबाहेरचं बंदर

पत्र आलं त्या सकाळी मिस्त्री आपल्या कारखान्यात बसून एका सिंहासनाला वाळवी लावत होते. खरी वाळवी नव्हे. टीव्हीवरच्या एका मालिकेतल्या राजाचं राज्य बुडायचं होतं, आणि बुडत्या राजाचं सिंहासन नवंकोरं दिसून चालणार नव्हतं. म्हणून सुईने बारीक भोकं पाडायची, त्यांत तपकिरी रंग सोडायचा, वर भुशाची चिमूट टाकून हलकी फुंकर मारायची. सुतार माणूस जन्मभर वाळवीशी भांडतो. मिस्त्री मात्र त्या दिवशी तिच्याच बाजूने तीन तास राबले होते आणि भलतेच खूश होते.

पस्तीस वर्षं त्यांचा हाच उद्योग होता. सिनेमावाल्यांना, मालिकावाल्यांना नसलेल्या गोष्टी असल्यासारख्या करून द्यायच्या. या उद्योगात त्यांचा एकच नियम होता, पण तो मोडणाऱ्याची ते गय करत नसत. सेटच्या मागच्या बाजूला परक्याने पाऊल टाकायचं नाही. फोटोचं तर नावच काढायचं नाही. काम संपलं की त्याच दिवशी सेट उकलायचा, फळ्या एकीकडे, खिळे एकीकडे, आणि नकाशे, नमुने सरळ शेगडीत. एकदा माणसाने मागची बाजू बघितली की त्याला पुढची पुन्हा कधी खरी वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. बायको म्हणायची, "एवढी गुपितं तर सरकारही ठेवत नसेल." मिस्त्री म्हणायचे, "सरकारला कुठे सुतारकाम येतं?"

तर त्या सरकारचंच पत्र घेऊन लेक कारखान्यात आली. लेक दिग्दर्शक होती. पहिलाच सिनेमा, चार वर्षं खपून केलेला. एका म्हाताऱ्या बाईचा नवरा जहाजावर नोकरीला जातो आणि परत येत नाही. बाई गाव सोडून परमुलखातल्या बंदरावर जाते आणि धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून त्याची वाट बघते, अशी गोष्ट. गोष्ट लिहून झाली तेव्हा लेकीने कपाळाला हात लावला होता. खऱ्या बंदरावर शूटिंग करायचं तर परवानग्या, प्रवास, पन्नास माणसांचा मुक्काम. हे तिच्या आवाक्यातलं नव्हतं. तेव्हा मिस्त्री म्हणाले होते, "तू बाईचं बघ. बंदर मी देतो." आणि बंद पडलेल्या सूतगिरणीच्या शेडमध्ये त्यांनी साठ फुटांचा धक्का उभा करून दिला होता. पायऱ्या, दिव्यांचे खांब, पाणी, जहाज, धुकं, सगळं.

लेकीने पत्र त्यांच्या हातात दिलं. मिस्त्रींनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचायला घेतलं.

"सदर चित्रपटातील सुमारे चाळीस मिनिटांचे चित्रीकरण प्रदेशाच्या हद्दीबाहेरील बंदरावर झाल्याचे समितीच्या निदर्शनास आले आहे. नियम नऊनुसार किमान तीन चतुर्थांश चित्रीकरण हद्दीत होणे बंधनकारक असल्याने आपला अर्ज अनुदानास अपात्र ठरविण्यात येत आहे. हरकत असल्यास एकवीस दिवसांत पुराव्यासह सुनावणीस हजर राहावे."

मिस्त्री थांबले. "हद्दीबाहेरील बंदरावर" हे शब्द त्यांनी परत एकदा वाचले. मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. "अगं, फसले! सगळी समिती फसली! सरकारला खरं वाटलं!" त्यांची छाती अशी फुगली की शर्टाच्या गुंड्यांची काळजी वाटावी. हातातला ब्रश तलवारीसारखा फिरवत ते उठले, आणि मग त्यांचं लक्ष लेकीच्या चेहऱ्याकडे गेलं. लेक हसत नव्हती.

"बाबा, अनुदान गेलं तर सिनेमा गेला," ती म्हणाली.

तेव्हा कुठे मिस्त्रींच्या डोक्यात प्रकाश पडला. प्रादेशिक चित्रपट अनुदान योजनेत नुसती रक्कम मिळत नसे. जो सिनेमा पात्र ठरेल, त्याला प्रदेशातल्या वीस थिएटरांत दोन आठवडे रोज संध्याकाळचा एक खेळ द्यावाच लागे, असा सरकारी हुकूम होता. लेकीच्या सिनेमात नट अनोळखी, गाणं एकही नाही आणि नायिका सत्तर वर्षांची. हुकमाशिवाय कुठला थिएटरवाला तिला सकाळी नऊचाही खेळ देणार नव्हता. चार वर्षांचं काम कपाटातल्या एका डबीत पडून राहिलं असतं. मिस्त्रींनी ब्रश डब्यात ठेवला. त्यांना आपल्या हसण्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी बापलेक अनुदान कार्यालयात गेले. तिसरा मजला, हिरवट भिंती, फायलींचे गठ्ठे, आणि गठ्ठ्यांच्या खिंडीत एक कारकून. माणूस वाईट नव्हता. त्याने दोघांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि मग त्यांचा एकेक पुरावा शांतपणे बाजूला काढून ठेवला.

"ही बिलं. प्लायवूड, सिमेंट, पत्रा, रंग. यातून बंदरच झालं कशावरून? यात माझ्या मेव्हण्याचं घर झालं असतं."

"हे रोजच्या शूटिंगचे तक्ते," लेक म्हणाली.

"तुम्हीच लिहिलेले."

"आमच्या पस्तीस माणसांच्या सह्या आहेत."

"तुमचीच माणसं." कारकून पुढे वाकला. "ताई, एवढा त्रास कशाला? सेटचे फोटो आणा ना. मागून, बाजूने, उभारताना, उकलताना. सगळे आणतात. दोन मिनिटांचं काम आहे."

लेकीने बापाकडे बघितलं. बापाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. गेल्या वर्षीचं होतं, तरी मिस्त्रींनी ते बारकाईने वाचलं.

"फोटो नाहीत," लेक म्हणाली.

"एकही नाही?"

"एकही नाही."

कारकुनाने मान हलवली. मग आवाज उतरवून त्याने घोडं कुठे पेंड खातंय ते सांगितलं. समितीत एक निवृत्त साहेब होते. सिनेमातली बाई ज्या बंदरावर जाते, त्याच बंदरावर जकातीत बावीस वर्षं नोकरी केलेले. सिनेमा बघताना ते खुर्चीतून उठून म्हणाले होते, हा आमचा दक्षिण धक्का आहे, याची पायरीन् पायरी मला ठाऊक आहे. मग बाकीच्यांनी काय बोलायचं? "साहेबांच्या शब्दापुढे कोण जाणार? तुम्हीसुद्धा असं करा, त्या बंदरावरच्या शूटिंगचं परवानगीपत्र शोधा, हद्दीबाहेर किती दिवस होतात ते खरं खरं..." लेक उठली तशी तो गप्प झाला.

घरी मिस्त्रीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग जे तोंड सोडलं ते जेवणं आटपेपर्यंत. "एक फोटो! पोरीच्या सिनेमाचा एक फोटो काढू दिला असता तर काय तुमच्या बंदरातलं पाणी आटणार होतं? मी नुसता डबा द्यायला आले होते तर मला दारातून परत पाठवलंत. लग्नाच्या बायकोला!"

मिस्त्री खाली मान घालून जेवत राहिले. आपल्या हातांचा त्यांना जन्मभर गर्व होता, आणि त्याच हातांनी त्यांनी लेकीचा रस्ता बंद करून ठेवला होता. काम थोडं कमी चांगलं केलं असतं, कुठे एखादी फट दिसू दिली असती, तर सिनेमा आज थिएटरात असता. हा विचार त्यांना खायला उठला. त्या दुपारी कारखान्यात गेल्यावर त्यांनी सिंहासनाला हातही लावला नाही.

लेक त्यांच्या मागोमाग आली. "मी धक्क्याचा भाग कापते," ती म्हणाली. "वीस मिनिटं ठेवते. मग नियमात बसेल."

"आणि बाईचं काय? घरातून निघते आणि घरी येते? वाट कुठे बघते मग ती?"

"मला माहीत नाही, बाबा." एवढं बोलून ती रडायला लागली. चार वर्षांत तिला रडताना त्यांनी बघितलं नव्हतं. पैसे संपले तेव्हा नाही, नटी पाय मोडून घरी बसली तेव्हा नाही.

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली आणि एका फळीवर रेघ ओढली. "सुनावणी कधी आहे?"

"तेरा दिवसांनी."

"बंदर परत करू."

"कुठे? त्या शेडचं गोदाम झालंय. साठ फूट जागा आणायची कुठून?"

"मला साठ फूट नकोत. कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर येतं तेवढंच पुरे. त्यांच्या कार्यालयाच्या अंगणात मांडू."

लेक डोळे पुसायची थांबली. "बाबा, पण मग ते मागून बघतील. सगळे बघतील. त्यांचे शिपाई, ड्रायव्हर, सगळे."

मिस्त्रींनी रेघ पूर्ण केली. "बघू देत," ते म्हणाले. हे दोन शब्द बोलताना त्यांचं काय झालं ते लेकीला समजलं, आणि तिने फळीचं दुसरं टोक धरलं.

तेरा दिवस कारखान्यात करवत थांबली नाही. पाच पायऱ्या प्लायवूडच्या. त्यांवर सरस, सिमेंट आणि भुसा कालवून केलेला लेप. तो अर्धा ओला असताना कापडाच्या बोळ्याने ठोकून काढलेले दगडाचे खड्डे. पाण्याची रेघ लागते तिथे हिरवा रंग, आणि तो निसरडा दिसावा म्हणून वर जवसाचं तेल. दिव्याचे सात खांब, पहिला आठ फुटी आणि सातवा वीतभर, म्हणजे धक्का लांबवर गेल्यासारखा वाटतो. मागे राखाडी आभाळाचा पडदा. कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात पत्र्याचा पसरट ट्रे, त्यात चार बोटं पाणी आणि पाण्यात हातभर लांबीचं पत्र्याचं जहाज. जहाज कॅमेऱ्याच्या नाकाशी असल्यामुळे खांबांच्या पलीकडे समुद्रात उभं आहे असं वाटे. हे सगळं मिस्त्रींनी एकदा केलेलंच होतं. तरी प्रत्येक खिळा त्यांनी असा ठोकला की जणू पहिल्यांदाच ठोकताहेत.

सिनेमातली नटी दुसऱ्या गावी शूटिंगला गेली होती. मग पायरीवर बसायचं कोणी? मिस्त्रींनी घसा खाकरला आणि बायकोकडे बघितलं.

"आता आठवले होय मी?" मिस्त्रीणबाई म्हणाल्या. पण त्याच संध्याकाळी त्यांनी आरशासमोर, सिनेमातल्या बाईसारखं गाठोडं मांडीवर घेऊन बसून बघितलं, हे लेकीने बघितलं आणि कोणाला सांगितलं नाही.

सुनावणीच्या दिवशी सकाळी सातलाच टेम्पो कार्यालयाच्या मागच्या अंगणात लागला. अकराला समिती वर खोलीत बसली तेव्हा मिस्त्री खाली ट्रेपाशी उकिडवे बसले होते आणि कॅमेरामन त्यांच्या बाजूला. कॅमेऱ्यातून एक लांबलचक वायर जिन्यावरून तिसऱ्या मजल्यावर, समितीच्या खोलीतल्या मोठ्या टीव्हीपर्यंत नेली होती. समितीला खालचं यातलं काही माहीत नव्हतं, कारण लेकीने अर्जात फक्त "दृश्य पुरावा" एवढंच लिहिलं होतं. खोलीच्या खिडक्या दुसऱ्या बाजूला उघडत, हे मिस्त्रींनी आदल्या आठवड्यातच बघून ठेवलं होतं. वर लेक होती, आणि तिच्या हातातला फोन चालू होता, म्हणून मिस्त्रींना खाली सगळं ऐकू येत होतं.

समितीच्या अध्यक्षबाई एके काळच्या नावाजलेल्या नटी होत्या. त्या म्हणाल्या, "काय दाखवायचंय ते दाखवा."

टीव्ही लागला. राखाडी आभाळ, लांबवर गेलेले खांब, पाण्यावर चमकणारा उजेड, दूर एक जहाज, आणि पायरीवर पाठमोरी बसलेली एक बाई.

"हे बघा!" निवृत्त साहेबांचा आवाज फोनमधून असा आला की मिस्त्रींनी फोन कानापासून लांब धरला. "हाच तो दक्षिण धक्का! ताई, तुम्ही आमच्यासमोर आमचाच पुरावा आणलात. हे तर तुमच्या सिनेमातलं दृश्य. ती तिसरी पायरी बघा, कोपरा तुटलेला. त्या कोपऱ्याशी बसून मी बावीस वर्षं डबा खाल्लाय!"

"साहेब, खात्री आहे तुमची?" लेकीने विचारलं.

"खात्री? अहो, मी शपथ घ्यायला तयार आहे!"

लेक फोनमध्ये म्हणाली, "बाबा, आता."

मिस्त्रींचा हात क्षणभर ट्रेवर तसाच राहिला. पस्तीस वर्षं जे कोणाला दाखवलं नाही ते आता दाखवायचं होतं. त्यांनी श्वास घेतला आणि हात पुढे केला.

वर खोलीत टीव्हीवर जे झालं ते समितीच्या लोकांनी नंतर कितीतरी जणांना सांगितलं. आभाळातून एक प्रचंड हात आला. बोटांवर सुकलेला सरस, नखात हिरवा रंग. त्या हाताने दोन बोटांत जहाज धरलं, पाण्यातून उचललं, झटकलं आणि निघून गेला. पाणी डुचमळलं, आणि समुद्राची कड पहिल्यांदा दिसली; ती पत्र्याची होती. तेवढ्यात पायरीवरची बाई वळून म्हणाली, "अहो, झालं का? पाय अवघडले माझे."

अध्यक्षबाई अशा हसल्या की त्यांच्या हातातला पेन टेबलाखाली गेला. त्यांचं ते रंगभूमीवरचं खणखणीत हसू मिस्त्रींना फोनशिवायही ऐकू आलं असतं. खुर्च्या सरकल्या, जिन्यावर पावलं धडधडली, आणि सगळी समिती अंगणात आली. साहेब सगळ्यांच्या पुढे होते. वय बहात्तर, पण शेवटच्या चार पायऱ्या त्यांनी दोन उड्यांत घेतल्या.

ते पडद्यापाशी गेले. मागे गेले. बांबू बघितले, वाळूची पोती बघितली, वीतभर खांबापुढे गुडघे टेकून त्याला बोट लावलं. मग ते तिसऱ्या पायरीपाशी आले.

"हा कोपरा," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "हा तुम्हाला कसा माहीत?"

"माहीत कुठला, साहेब," मिस्त्री म्हणाले. "पहिला सेट लावताना टेम्पोतून उतरवताना ती पायरी आपटली. मग म्हटलं, राहू दे, शोभतेय. या वेळी मुद्दाम तोडली."

"तुम्ही किती वेळा गेलात त्या बंदरावर?"

"एकदाही नाही. मी समुद्रच बघितलेला नाही अजून."

साहेब पायरीवर बसायला गेले. "जपून," मिस्त्री म्हणाले, "डावीकडे बसा, उजवीकडे आधार नाही." साहेब डावीकडे, मिस्त्रीणबाईंच्या शेजारी बसले. बराच वेळ ते त्या ट्रेमधल्या चार बोटं पाण्याकडे बघत होते. त्यांना राग आला असेल असं लेकीला वाटलं. पण त्यांनी रुमाल काढला आणि डोळे पुसले, आणि ते कोणापासून लपवलंही नाही.

मग ते कारकुनाकडे वळले. "लिहून घ्या. हरकत मागे."

कारकुनाने लिहिलं, "माननीय सदस्यांनी फेरविचारांती..."

"फेरविचार कसला? लिहा, सदस्य साफ फसला. आणि माझं नाव घाला, पूर्ण."

अध्यक्षबाईंनी तिथेच, टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवून, पात्रतेवर सही केली. मग त्यांनी यापुढे प्रत्येक अर्जाबरोबर सेटच्या मागच्या बाजूचे फोटो सक्तीचे करू, असं सुचवलं, तेव्हा मिस्त्री आनंद विसरून लगबगीने पुढे झाले.

"बाई, एक विनंती आहे," ते हात जोडून म्हणाले. "बंद लिफाफ्यात घ्या. निकाल लागला की परत करा." त्यावर पुन्हा हशा झाला, पण नियम तसाच झाला.

टेम्पो निघताना लेक बापाच्या गळ्यात पडली. मिस्त्रींच्या अंगावर सगळा हिरवा रंग होता, तो तिच्या पांढऱ्या सदऱ्याला लागला आणि त्याचं तिला काही नव्हतं. "तुमच्यामुळे, बाबा," ती म्हणत राहिली. मिस्त्रींना आभाळ ठेंगणं झालं. मिस्त्रीणबाई जहाज पदराखाली घेऊन टेम्पोत पुढच्या सीटवर बसल्या होत्या. ते शेगडीत जाऊ द्यायचं नाही, असं त्यांनी आधीच बजावून ठेवलं.

सिनेमा लागला तो दीड महिन्याने, वीस थिएटरांत, संध्याकाळच्या खेळाला. पहिल्या दिवशी मिस्त्री आणि मिस्त्रीणबाई दहाव्या रांगेत बसले. लेक मागे दाराशी उभी होती, तिला बसवत नव्हतं. खुर्च्या अर्ध्याच भरल्या होत्या, पण मध्यंतरानंतर कोणी बाहेर रेंगाळलं नाही. म्हातारी धक्क्यावर आली, पायरीवर बसली, आणि थिएटरात कोणी खोकेना.

पुढच्या रांगेत एक जोडपं होतं. बाई नवऱ्याच्या कानाशी कुजबुजली, पण चांगली मोठ्याने. "किती सुंदर बंदर आहे हो. तुम्ही तिकडे गेला होतात ना ऑफिसच्या कामाला?"

"गेलो होतो," नवरा म्हणाला. "अगदी असंच आहे. उलट बघायला याहून छान."

"मला न्या ना एकदा."

"पुढच्या सुट्टीत नक्की जाऊ. मी तुला ती पायरीच दाखवतो."

मिस्त्री पुढे सरकले. त्यांचा हात त्या माणसाच्या खांद्यापर्यंत गेला होता. मिस्त्रीणबाईंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि डोळे वटारले. मिस्त्रींनी हात मागे घेतला, खुर्चीला नीट टेकून बसले, आणि बाकीचा सगळा सिनेमा त्यांनी इतर लोकांसारखा, समोरून बघितला.